वाघाटीवाडीची सहल

सावंतकाकांना साठलेलं पाणी बघवत नसे. लोक दुसऱ्याच्या घरी गेले की टीव्ही केवढा आहे ते बघतात, पडद्याचं कापड चाचपतात. काका दारातून आले की थेट स्वयंपाकघरात, आणि फ्रिजच्या मागे वाकून तो पाणी जमायचा ट्रे ओढायचे. "अहो काका, बसा तरी," म्हणावं तर उत्तर यायचं, "बसतंय गो, आधी हेंका बघू दे." हेंका म्हणजे डासांच्या अळ्यांना. त्यांच्याबद्दल ते नेहमी घरच्या माणसांबद्दल बोलावं तसं बोलायचे.

सगळी नोकरी त्यांनी पालिकेच्या कीटकनाशक खात्यात काढली. लालबाग-परळमधली एक गच्ची अशी नसेल की जिच्यावर हा माणूस शिडी घेऊन चढला नाही. टाकीचं झाकण उघडायचं, आत टॉर्च मारायचा, पांढऱ्या इनॅमलच्या वाडग्यात पाणी घ्यायचं आणि त्यात वळवळ दिसते का ते बघायचं. हजारो टाक्या बघितल्या असतील. निवृत्त झाले तेव्हा शिडी परत केली, वाडगा मात्र घरी आणला. काकी म्हणायची, "लोकांका घड्याळ देतत, आमच्या हेंका वाडगो दिल्यानी."

आमची चाळ पाडून तिथे टॉवर झाला आणि आम्ही चौदाव्या मजल्यावर पुन्हा समोरासमोर आलो. एवढ्या उंचावर डासांची कटकट नाही, असं मी मोठ्या खुशीत म्हटलं तर काका हसले. "लिफ्ट काय फक्त माणसांना दिलीय? ते पण तिच्यातूनच येतात. भाडं नाय, मेंटेनन्स नाय."

मी हसण्यावारी नेलं. पुढच्याच आठवड्यात ते माझ्या हॉलमध्ये उभे. मी दादरला शाळेच्या लायब्ररीत काम करते. तिथल्या मैत्रिणींनी वास्तुशांतीला पाण्यात वाढणारे ते बांबू दिले होते, काचेच्या भांड्यात, लाल रिबीन बांधलेले. काकांनी बांबू उपसले, पाणी वाडग्यात ओतलं आणि चष्मा कपाळावर चढवला. "बघ. पाण्याला लटकून उलटी आहे ना? ही डेंगीवाली. मलेरियावाली असती तर आडवी झोपली असती." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर पुन्हा जाताना म्हणाले, "घर बाकी स्वच्छ ठेवलंयस हां." आता सांगा, ह्याला कौतुक म्हणायचं की काय म्हणायचं!

त्यांना जाऊन वर्ष उलटलं. अजून मी फ्रिजचा ट्रे दर रविवारी ओतते. कोणी तपासायला येणार नाही हे माहीत असूनही ओतते, आणि ओतताना फार आठवण येते त्यांची. आमच्या मजल्यावर आता सहा दारं आहेत, सहाही बंद असतात. काकांच्या काळात त्यांचं एक उघडं असायचं.

एकदा तर त्यांनी बिल्डिंगच्या गणपतीलाही सोडलं नाही. ते स्वतः गणपतीचे पाच दिवस गावी असायचे. सहाव्या दिवशी परत आले तर खाली मंडळाने हिमालयाचा देखावा केलेला, त्यातून खरा धबधबा पडतोय, खाली तळं. आरती चालू होती. हा माणूस टाळ्या वाजवत वाजवत पुढे सरकला आणि "जय देव जय देव" चालू असताना तळ्यात वाडगा बुडवला. अध्यक्ष आरतीचं ताट हातात धरून डोळे वटारताहेत, आणि काका शांतपणे वाडगा सगळ्यांना फिरवून दाखवताहेत, जसा काही प्रसादच. "बाप्पाच्या पायाशी डेंगी? शोभतं का?" दुसऱ्या दिवशी धबधबा बंद झाला. अध्यक्ष सहा महिने त्यांच्याशी बोलले नाहीत. काकांना त्याचं काही नाही. म्हणाले, "बोलू नको, पण ताप पण येऊ देऊ नको."

ह्या सगळ्या आयुष्यात त्यांची एकच इच्छा राहिली होती, आणि ती खरं म्हणजे त्यांचीही नव्हती. काकीची होती.

काकीचं माहेर दोडामार्गच्या पुढे, तिलारीच्या रानात. वाघाटीवाडी. पाच-सात घरं, भोवती बांबू आणि जंगल, आणि घरामागून वाहणारा ओढा. त्याला ती व्हाळ म्हणायची. लग्न होऊन मुंबईला आली, पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली, नितीन तिथेच झाला. पुढे वडील वारले तेव्हा एकदा गेली, तीही एकटीच, भावाबरोबर. त्यानंतर नाहीच. त्याचं कारण सोपं होतं. काकांचं काम पावसाळ्यात. तापाचे दिवस, रजा बंद. हातापाया पडून पाच दिवस मिळायचे ते गणपतीचे, आणि गणपती म्हणजे नवऱ्याचं गाव. तिथे अख्ख्या भावकीचा स्वयंपाक. तिथून तिचं माहेर गाडीने जेमतेम तीन तासांवर. पण पाच दिवसांत मोदक वळायचे, गौरी बसवायची, उष्टी काढायची, आणि परतीची गाडी पकडायची. तीन तास कुठून आणायचे? सासू असेपर्यंत विचारायची सोय नव्हती, आणि सासू गेल्यावर विचारायची सवय राहिली नव्हती.

मे महिन्यात का नाही गेलात, असं मी एकदा विचारलं. काका म्हणाले, "मे महिन्यात टाक्या साफ करून घ्यायच्या असतात गो." आणि मान खाली घातली. मला वाटलं, उगाच विचारलं.

काकी भांडणारी नव्हती. आमच्या घरी भाजी निवडत बसली की एवढंच म्हणायची, "माज्या झिलाचो जल्म थयलो, आणि त्याका थयली वाट म्हायत नाय. ह्या काय बरा दिसता?" नितीन आता चाळिशीला आलेला, ऐरोलीला कंपनीत. त्याची बायको केतकी, मुलगी सई आठ वर्षांची. सगळे एकाच घरात. काकीला एवढंच हवं होतं की ह्या तिघांना घेऊन एकदा त्या व्हाळावर जायचं, आणि सांगायचं की बघा, हे माझं.

तर निवृत्तीनंतर काकांनी मनावर घेतलं. नवरात्रात सईला सुट्टी असते, तेव्हा चार दिवस. वही केली. हातात वही आली की हा माणूस पुन्हा खात्यात! गाडी कुठे थांबणार, काकीच्या गुडघ्याला कुठे विश्रांती, वहिनीला काय न्यायचं. वहिनी म्हणजे काकीची भावजय. भाऊ वारला होता, ती एकटीच तिथे असायची. इथपर्यंत सगळं छान चाललं होतं.

मग काका एक दिवस माझ्याकडे आले. "वंदू, तू टाइप चांगलं करतेस. एवढं करून दे." मी बघितलं तर वर मथळा: 'वाघाटीवाडी परिसरातील चावणारे जीव व घ्यावयाची काळजी.' खाली बारा नोंदी. जळू, गोचीड, पिसू, घुंगुरटी, गोमाशी, झाडावरच्या लाल मुंग्या, आणखी काय काय. प्रत्येकीपुढे कधी चावते, कुठे चावते, किती वेळ चिकटते, काय करावं. मी हसत हसत टाइप केलं. वर जळवेचं एक चित्रसुद्धा टाकलं, सईला मजा वाटेल म्हणून. कसली अक्कल माझी! आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

रविवारी सकाळी त्यांच्या घरी बैठक. मलाही बोलावलं. आमच्याकडे कोकणातली माणसं कुठे निघायची म्हटलं की आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. काकांनी देव्हाऱ्यापुढे नारळ ठेवला, आम्ही मागे हात जोडून उभे. "हे बारा गावच्या म्हाराजा, आज तुजी लेकरां वाघाटीवाडीक जावची ठरवतत..."

"होय म्हाराजा!" आम्ही म्हणालो.

"वाटेत काय इगीन आसात ता दूर कर..."

"होय म्हाराजा!"

"रानात जळू आसात, गोचीड आसात, घुंगुरटा आसात, जा काय रगत पिणारा आसात, त्येची दुसरीकडे सोय कर रे म्हाराजा!"

काकीने तिथेच डोक्याला हात लावला. सई ओरडून "होय म्हाराजा" म्हणाली. केतकी काही म्हणाली नाही. मी बाजूलाच होते, मला दिसलं.

नारळ फोडला, खोबरं वाटलं, आणि काकांनी यादीच्या प्रती वाटल्या. एकेक नोंद समजावू लागले. मग खिशातून एक औषधाची बाटली काढली. रे रोडला लाकडाच्या वखारीत त्यांचा जुना दोस्त होता, त्याच्या कुत्र्याच्या कानातून दोन गोचिडी काढून आणल्या होत्या, चांगल्या टम्म फुगलेल्या. "सई, हे बघ, हिला ओढायचं नाही. चिमटा अगदी कातडीला लावून धरायचा आणि सरळ वर..." सई बाटलीला नाक लावून बघत होती. केतकी उठून बेसिनकडे गेली.

केतकी वाईट मुलगी नव्हे, हे मला सांगितलंच पाहिजे. दादर हिंदू कॉलनीत वाढलेली, सईला आदल्याच वर्षी डेंगी झालेला, चार दिवस हॉस्पिटलात पोरीच्या उशाशी बसून काढलेले. ती बाहेर येऊन शांतपणे म्हणाली, "बाबा, तुम्हीच सांगताय की तिथे एवढं सगळं चावतं. मग मी तिला तिथे कशी नेऊ? आपण लोणावळ्याला जाऊ ना. आईंनाही प्रवास कमी पडेल."

नितीन जमिनीकडे बघत होता. काका म्हणाले, "अगं, पण हे सगळं काळजी घेतली तर..." आणि पुढे त्यांना बोलताच येईना. कारण काळजी घेतली नाही तर काय होतं, हे त्यांनीच लिहून आणलं होतं.

लोणावळ्याचं ठरलं. सगळे उठले. काकी खोबऱ्याचं ताट उचलत एवढंच म्हणाली, "तुमच्या किड्यांनी माजा म्हायार खाल्ल्यानी."

आवाज चढवला नाही. ताट घेऊन आत गेली. काकांनी ती बाटली परत खिशात घातली.

पुढचं वर्षभर त्या माणसाने किड्यांचं नाव काढलं नाही. लिफ्टमध्ये डास दिसला तर तोंड फिरवायचे. आमच्याकडे येऊन नुसते बसायचे, ट्रे बघायचे नाहीत. मला चैन पडेना. मीच एकदा म्हटलं, "काका, माझी बाल्कनी बघा ना, कुंड्यांत काय झालंय कळत नाही." तर म्हणाले, "बरी असतात गो झाडं. राहू दे."

पावसाळ्याच्या सुमारास त्यांनी पुन्हा घाट घातला. ह्या खेपेला यादी नाही, काही नाही. केतकीला पटवायचं होतं. माझ्या घरी येऊन सराव केला. "केतकी, तिथे काय पण त्रास नाय. डास... डास तिथे..." आणि अडायचे. "बोला ना काका, डास नाहीत म्हणा!" मी ओरडले. तीनदा प्रयत्न केला. चौथ्यांदा म्हणाले, "तसे फार नसतात, पण संध्याकाळी सहा ते आठ..." मी कपाळावर हात मारला. डास आहेत हे सांगण्याचाच ज्याने जन्मभर पगार घेतला, त्याच्या तोंडून ते वाक्य निघणार कसं? शेवटी मीच गेले केतकीकडे. म्हटलं, "अगं, वहिनींचं घर आता पक्कं आहे, जाळ्या आहेत, आणि तुझ्या सासूला बघ गं जरा. गुडघे गेलेत, दम लागतो. पुढच्या वर्षी ती वाडीचा चढ चढेल का?" केतकीने माझ्याकडे बघितलं आणि हो म्हणाली. तिलाही ते वर्षभर लागलेलं असणार.

गणपती झाले. लगेच निघायचं म्हटलं तर काकीनेच मोडता घातला. पितृपक्षात माहेरी जायचं नाही म्हणाली, पंधरा दिवसांनी काय बिघडतंय. गाडी पुढची सांगितली. काकीने बॅग मात्र त्याच दिवशी भरली. वहिनीला लुगडं, दोन किलो लालबागचा चिवडा, मसाला. रोज बॅग उघडायची, काहीतरी काढायची, काहीतरी घालायची. मला म्हणायची, "थय गेल्यार चपला काढून व्हाळात पाय घालून बसतलंय. कोणी उठवलां तरी उठाचंय नाय."

त्याच पंधरवड्यात, एका दुपारी जेवून पडली ती उठलीच नाही. झोपेतच गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय.

सुतकात कोणी बॅगेला हात लावला नाही. तेराव्यानंतर काकांनी ती स्वतः उघडली, चिवडा काढून वॉचमनला दिला, बाकी तसंच ठेवलं. मी समोर बसले होते. मला म्हणाले, "वंदू, बाहेर डोंगरभर चावणारं होतं, तर त्याच्यापासून कसं वाचायचं ते मी शिकवलं पोरांना. घरात बसल्या जागी ज्याने तिला नेली, त्याला माझ्याकडे काय होतं?" आणि मग ते रडले. मीही रडले.

पुढच्या वर्षी श्रावणात केतकी माझं दार वाजवून आत आली. "मावशी, बाबांची ती यादी तुमच्या फोनमध्ये आहे का अजून?" होती. तिने ती छापून घेतली. जळवांचे मोजे मागवले, कापूर, तंबाखू, मीठ, सगळं. गाडी तिनेच ठरवली. काकांना म्हणाली, "बाबा, आपण सगळे जातोय." काका माझ्याकडे वळले. "एक सीट रिकामी आहे. तू ये." ती सीट कोणाची हे मला कळत होतं. मी गेले.

वाघाटीवाडीला पोचलो तेव्हा दुपार होती. वहिनी दारात उभी, डोळ्यांना कमी दिसणारी. तिने प्रत्येकाच्या तोंडावरून हात फिरवला. नितीनच्या तोंडावरून जरा जास्तच वेळ फिरवला. मग त्याला आत नेलं, एका अंधाऱ्या खोलीत, आणि म्हणाली, "हय झालंस तू." एवढा मोठा बाप्या, नाकावर चष्मा, लहान पोरासारखा त्या खोलीत उभा राहिला आणि भिंतीला हात लावून बघत बसला. सई विचारत होती, "बाबा, इथे? खरंच इथे?"

जेवणं झाली आणि बघतो तर काका नाहीत.

केतकीने मिठाची पुडी उचलली आणि मागच्या वाटेने धावली, मी तिच्या मागे. पायवाट शेवाळलेली, पाल्यापाचोळ्यात जळवा नुसत्या उभ्या राहून माना हलवत होत्या. खाली व्हाळ. पाणी स्वच्छ, पळतं. काठाच्या दगडावर काका बसले होते. चपला बाजूला नीट काढून ठेवलेल्या, एका पायाची पँट पोटरीपर्यंत दुमडलेली, आणि त्या पायावर तीन जळवा फुगून काळ्याभोर झालेल्या.

"बाबा, हलू नका! मी टाकते मीठ!" केतकी खाली बसली.

काकांनी तिचा हात धरला. तिच्याशी ते नेहमी जपून, शुद्ध बोलायचे. त्या दिवशी मालवणीतच बोलले.

"नको गो. ऱ्हवांदे. हिच्या म्हायारची हत ती. जावई इतक्या वर्सांनी इलो, तो पण हिका न घेता इलो. त्यांका उपाशी कसा धाडू?"

केतकीने मूठ मिटली. मिठाची पुडी तशीच तिच्या हातात राहिली, आणि ती तिथेच ओल्या मातीत बसून मोठ्याने रडू लागली. काकांनी तिच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला, व्हाळाकडे तोंड केलं, आणि दुसऱ्या पायाची पँटही गुडघ्यापर्यंत वर सरकवली.